सेटवर ‘थांबा’ म्हणायचं कुणी? सारा पॉलीचं प्रकरण

१९८७ च्या सप्टेंबरमध्ये रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ बॅरन मनचाउझन’ या चित्रपटाचं चित्रीकरण सुरू झालं, तेव्हा त्यातली बालकलाकार सारा पॉली आठ वर्षांची होती. टोरंटोची मुलगी. तिच्या वाट्याला आलेली भूमिका सॅली सॉल्टची. म्हातारा बॅरन जिथे जाईल तिथे ही सॅली त्याच्या मागे असते. तुर्की फौजेने वेढलेलं शहर, तोफांचा भडिमार, पडत्या भिंती, समुद्र, होडी गिळणारा अजस्र मासा, असा सगळा मामला. पडद्यावर ते बघताना मजा येते. पण तो काळ संगणकाने आग आणि धूर काढण्याचा नव्हता. दिसतात त्यातल्या बऱ्याच ज्वाळा खऱ्या होत्या आणि स्फोटांसाठी वापरलेली दारूही खरी होती.

एका दृश्यात साराला लांबलचक बोळासारख्या जागेतून धावत जायचं होतं. दर काही फुटांवर स्फोट होणार आणि आजूबाजूला पेटलेलं असणार. शॉट झाल्यावर ती वडिलांच्या मांडीवर पडून हमसून हमसून रडली. ‘मला हे परत करायला लावू नका’ अशी विनवणी तिने त्यांना केली. परत करावं लागलंच, आणि तिच्या आठवणीनुसार बरेचदा करावं लागलं. दुसऱ्या एका दृश्यात ती होडीत होती. होडीतला घोडा बिथरला, त्याने पाण्यात उडी मारली आणि त्या गोंधळात एक स्फोटक तिच्या तोंडाजवळ वर येऊन फुटलं.

पुढे हीच मुलगी कॅनडातली अत्यंत आदराने पाहिली जाणारी अभिनेत्री झाली आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तिने पटकथेचं ऑस्कर घेतलं. तिच्यावर लिहिताना बहुतेक जण ऑस्करपासून मागे येतात. मला त्या बोळापासून पुढे जायचं आहे. साराने नंतर घेतलेल्या निर्णयांची यादी पाहिली, कुठलं काम घेतलं, कुठलं सोडलं, स्वतः दिग्दर्शक झाल्यावर सेट कसा चालवला, तर त्या यादीत एकच प्रश्न वारंवार वर येतो. काम चालू असताना ‘पुरे, आता थांबा’ हे कोण म्हणू शकतं?

घर

सारा ८ जानेवारी १९७९ ला टोरंटोमध्ये जन्मली. पाच भावंडांत सर्वांत धाकटी. आई डायॲन पॉली अभिनेत्री आणि कास्टिंग डायरेक्टर. वडील मायकेल पॉली मूळचे इंग्लंडचे, तेही नट, पण घर चालवण्यासाठी त्यांनी विम्याच्या व्यवसायात नोकरी धरली होती. म्हणजे घरात चित्रीकरणाची भाषा लहानपणापासून कानावर पडत होती. ऑडिशन, कॉल टाइम, रिटेक हे शब्द त्या घरात भाजी-आमटीइतके रोजचे. चार वर्षांच्या साराला पहिलं काम मिळालं, १९८५ मध्ये डिस्नेचा ‘वन मॅजिक ख्रिसमस’ आला आणि १९८८ मध्ये ‘रमोना’ या दूरचित्रवाणी मालिकेत ती मुख्य भूमिकेत दिसली. रमोनामधली सारा आजही पाहण्यासारखी आहे. मूल कॅमेऱ्यासमोर ‘अभिनय करतंय’ असं वाटतच नाही, इतकी ती सहज वावरते.

आईवडिलांनी तिला जबरदस्तीने या धंद्यात ढकललं असं म्हणायला आधार नाही. मूल हुशार, आईला क्षेत्र माहीत, संधी चालून आलेली. त्यात रोमहून बोलावणं आलं ते मनचाउझनचे दिग्दर्शक टेरी गिलियम यांचं, ‘माँटी पायथन’ या गाजलेल्या ब्रिटिश विनोदी मंडळींपैकी एक. मायकेल आणि डायॲन दोघांनाही त्यांच्याबद्दल अतोनात कौतुक होतं. हा मुद्दा लहान वाटतो, पण प्रकरणाची गाठ इथेच बसलेली आहे.

सेट

मनचाउझनचं चित्रीकरण इटली आणि स्पेनमध्ये झालं आणि ते सुरुवातीपासूनच विस्कटलेलं होतं. चित्रपटाला पाठबळ देणारे कोलंबिया स्टुडिओचे प्रमुख डेव्हिड पटनम नेमके त्याच सुमारास पायउतार झाले. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. चित्रपट पूर्ण होण्याची हमी घेतलेली कंपनी मानगुटीवर बसली. दिग्दर्शक आणि निर्माता यांचं पटेना. अशा वेळी प्रत्येक वाया गेलेला तास पैशात मोजला जातो. तीनशे माणसं उभी आहेत, दारू पेरलेली आहे, प्रकाश जातो आहे, आणि एक आठ-नऊ वर्षांची मुलगी म्हणते आहे की मला भीती वाटते. ज्याने कुठल्याही युनिटमध्ये दोन दिवस काढले असतील त्याला या परिस्थितीत काय होतं हे सांगायला नको. मुलीची समजूत काढली जाते, दिवस थांबवला जात नाही.

धोक्याची कल्पना कुणाला नव्हती असं म्हणता येत नाही. जुलै १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात ‘ट्वायलाइट झोन’ या चित्रपटाच्या सेटवर हेलिकॉप्टर कोसळून अभिनेते व्हिक मॉरो आणि दोन लहान मुलं जागीच मेली होती. रात्रीची वेळ, स्फोट, आणि मुलांना नियम डावलून कामाला लावलेलं. दिग्दर्शक जॉन लँडिस आणि इतर चौघांवर मनुष्यवधाचा खटला चालला आणि मे १९८७ मध्ये सगळे निर्दोष सुटले. मनचाउझनचा कॅमेरा त्यानंतर चार महिन्यांनी सुरू झाला. चित्रपट धंद्यातल्या प्रत्येकाने तो खटला वाचलेला होता. तरीही मूल आणि स्फोटक एकाच चौकटीत आणताना मुलाच्या बाजूने उभा राहणारा, दिग्दर्शकापेक्षा वेगळा आणि हातात खरा अधिकार असलेला माणूस हवा, असं तिथे कुणाला वाटलेलं दिसत नाही.

चित्रपट पूर्ण झाला. चार ऑस्कर नामांकनं मिळाली, सगळी कला-वेशभूषा-रंगभूषा-दृश्यपरिणाम या विभागांत. अमेरिकेत त्याने जेमतेम ८० लाख डॉलर कमावले. समीक्षकांनी मात्र त्याचं कौतुक केलं आणि तो आजही चाहत्यांचा लाडका आहे. बॅरनची भूमिका करणारे जॉन नेव्हिल अप्रतिम आहेत आणि त्यांच्या शेजारी साराही. माझी अडचण अशी की आता मला त्या धावण्याच्या दृश्यातला तिचा चेहरा बघवत नाही.

दोषाचा हिशेब दोनदा

२००५ मध्ये गिलियम पुन्हा एका लहान मुलीला मुख्य भूमिकेत घेऊन चित्रपट करत होते. तेव्हा सव्वीस वर्षांच्या साराने त्यांना ईमेल लिहिला आणि तो पत्रव्यवहार ‘टोरंटो स्टार’मध्ये छापून आला. पत्राचा सूर तक्रारीचा नव्हता. तिने आपल्या आठवणी सांगितल्या: स्फोट, होडी, पाणी, लांबत जाणारे तास, सततची भीती. हेही लिहिलं की अनेक वर्षं मी तुमच्यावर चिडून होते, पण मला सांभाळण्याची जबाबदारी माझ्या आईवडिलांची होती, तुमची नव्हती. नव्या मुलीच्या बाबतीत लक्ष असू द्या, एवढीच विनंती. गिलियम यांच्या उत्तराचा आशय असा की धोका तिला वाटला तितका नव्हता, काळजी घेतली जात होती.

हे पत्र वाचून त्या वेळी अनेकांना ते परिपक्वतेचं लक्षण वाटलं असणार. राग ओसरलेला, दिग्दर्शकाला माफी, आणि जबाबदारी घरच्यांवर.

सतरा वर्षांनी, २०२२ मध्ये, तिचं निबंधांचं पुस्तक आलं. त्यात तिने हा प्रसंग पुन्हा काढला. आता ती तीन मुलांची आई होती आणि स्वतः अनेक सेट चालवून बसली होती. आपण गिलियम यांना इतक्या सहज मोकळं का केलं, हा प्रश्न ती या वेळी स्वतःला विचारते. तिला जे दिसतं ते असं: वेड्या प्रतिभावंताभोवती एक वलय तयार झालेलं असतं. त्याचं बेभान होणं हीच त्याच्या कलेची खूण मानली जाते. त्या वलयात आईवडीलही ओढले गेले, आणि मोठी झाल्यावर ती स्वतःही ओढली गेली. धोका कल्पनेतला नव्हता, याला दुजोरा पुढे सहकलाकार एरिक आयडल यांनीच जाहीरपणे दिला होता.

मला या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे दुसऱ्यांदा केलेलं परीक्षण. आपल्याकडेही अशा गोष्टींची चर्चा झाली की बोट चटकन पालकांकडे जातं. ‘आईबापांना कळायला नको का?’ कळायला हवं, यात वाद नाही. पण मायकेल पॉली त्या सेटवर कोण होते याचा विचार करा. परक्या देशात, परक्या भाषेत, स्वतः त्याच धंद्यातले, ज्या माणसाबद्दल वर्षानुवर्षं आदर बाळगला त्याच्या समोर उभे. हातात कुठलाही अधिकार नाही, कागदावर त्यांचं पद नाही. ते ‘नाही’ म्हणाले असते तर अवघं युनिट अडलं असतं आणि ‘त्रासदायक बाप’ हा शिक्का मुलीच्या कारकिर्दीवर बसला असता. त्यांनी तरीही म्हणायला हवं होतं. पण ज्याचा सेट, ज्याचा शॉट, ज्याच्या इशाऱ्यावर दारू उडते, त्याची जबाबदारी बापाच्या भिडस्तपणामागे लपवता येत नाही. पहिला हिशेब तिथे चुकला होता, आणि साराने तो स्वतः दुरुस्त केला.

आई गेली, मालिका सुरू झाली

जानेवारी १९९० मध्ये सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक वाहिनीवर ‘रोड टू ॲव्हनली’ सुरू झाली. ल्यूसी मॉड माँटगोमेरी यांच्या कथांवर आधारलेली, प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या जुन्या काळातली, घराघरांत पाहिली जाणारी मालिका. साराची भूमिका सारा स्टॅनलीची, आई नसलेल्या मुलीची. त्याच महिन्यात, साराच्या अकराव्या वाढदिवसाच्या आठवड्यात, डायॲन पॉली कर्करोगाने गेल्या. कॅमेऱ्यासमोर आईविना पोरीचं दुःख दाखवायचं आणि घरी गेलं की तेच दुःख खरं. त्यातून जे अश्रू आले त्यांना लोकांनी दाद दिली. इथेही काम थांबवण्याचा विचार कुणी केल्याचं दिसत नाही.

या मालिकेने तिला कॅनडाभर लाडकं केलं आणि ती लवकर कंटाळली. डिस्नेने मालिकेत पाय रोवल्यावर तिला तो अमेरिकी गोडवा नको झाला. आखाती युद्धाच्या काळात वॉशिंग्टनमधल्या एका समारंभाला ही बारा वर्षांची मुलगी शांततेचं चिन्ह घालून गेली. डिस्नेच्या अधिकाऱ्यांनी ते काढायला सांगितलं. तिने काढलं नाही. मालिका १९९६ पर्यंत चालली, साराने तिच्यातून त्याआधीच अंग काढून घेतलं.

मग पंधराव्या वर्षी कॅनडातल्या स्ट्रॅटफर्ड नाट्यमहोत्सवात ॲलिसची मध्यवर्ती भूमिका. रंगमंचावर जाण्याची भीती तिला हळूहळू इतकी खाऊ लागली की प्रयोगाला उभं राहणं अशक्य झालं. तिच्या पाठीचा कणा वाकडा होता आणि कधीतरी शस्त्रक्रिया होणारच होती. तिने ते कारण पुढे केलं आणि नाटकातून बाहेर पडली. तिने स्वतः हे प्रांजळपणे लिहिलं आहे. हे वाचल्यावर मला रोममधली ती मुलगी लगेच आठवली. ‘भीती वाटते’ या कारणाने काम थांबत नाही, हे ती आठव्या वर्षी शिकली होती. डॉक्टरचा कागद असला की थांबतं. पंधराव्या वर्षी तिने तेवढंच वापरलं.

शाळा सुटली, घर सुटलं, आणि ही दूरचित्रवाणीवरची गोड मुलगी टोरंटोच्या रस्त्यांवरच्या डाव्या चळवळीत दिसू लागली. १९९५ मध्ये ओंटारियो या तिच्या प्रांताच्या माइक हॅरिस सरकारने गरिबांच्या मदतीवर कुऱ्हाड चालवली तेव्हा क्वीन्स पार्कला विधिमंडळाबाहेर निदर्शनं झाली. पोलिसांच्या कारवाईत तिच्या दाढा पडल्या.

एगोयान

पहिल्यांदा तिला मनासारखं काम मिळालं ते कॅनडाचे दिग्दर्शक ॲटम एगोयान यांच्याकडे. १९९४ च्या ‘एक्झॉटिका’मध्ये छोटी भूमिका, आणि मग १९९७ चा ‘द स्वीट हिअरआफ्टर’. बर्फाळ डोंगरातल्या एका गावात शाळेची बस गोठलेल्या तळ्यात जाते, बरीच मुलं मरतात. एक वकील येतो आणि दुःखात बुडालेल्या आईबापांना नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी गोळा करू लागतो. सारा यात निकोल आहे. ती वाचली आहे, पण आता चाकाच्या खुर्चीत आहे. बापाने तिचा गैरफायदा घेतलेला आहे आणि त्याच बापाला आता तिच्या अपंगत्वाचे पैसे हवे आहेत. जबानीच्या वेळी निकोल शांतपणे खोटं सांगते. तिच्या एका वाक्यावर सगळा दावा कोसळतो. मोठ्यांनी चालवलेलं यंत्र एक मुलगी थांबवते, आणि बापाकडे नुसतं बघते.

अठराव्या वर्षाच्या आत केलेलं हे काम आहे. आवाज चढत नाही, डोळ्यांत पाणी नाही. चित्रपटाला कान महोत्सवाचा ग्राँ प्री मिळाला. त्यातली गाणीही साराने स्वतः म्हटली आहेत. मी हा चित्रपट तिच्या कारकिर्दीचा कळस मानतो, नंतरची सगळी पारितोषिकं धरूनही.

बालपणी सोसलं म्हणून अभिनयात ही खोली आली, असं म्हणणारे पुष्कळ असतात. मला हे म्हणणं मुळातच मान्य नाही. ‘वन मॅजिक ख्रिसमस’मध्ये ती सहा वर्षांची आहे, स्फोट अजून व्हायचे आहेत, आणि तिची जाण तिथेही स्पष्ट दिसते. एगोयान यांच्याकडे तिला विश्वासाने वागवलं गेलं, आणि तिचं सर्वोत्तम काम तिथे झालं. घाबरवून काढलेला शॉट आणि समजून घेऊन काढलेला शॉट या दोन्हींचा पुरावा एकाच अभिनेत्रीच्या कामात उपलब्ध आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत.

नको म्हणण्याची वर्षं

१९९९ मध्ये ‘गो’ आणि ‘ग्विनिव्हिअर’ आले आणि हॉलिवूडची मासिकं तिच्यामागे लागली. कॅमेरॉन क्रो यांच्या ‘ऑलमोस्ट फेमस’मधली पेनी लेनची भूमिका तिला मिळालेली होती. तिने ती सोडली आणि कॅनडात कमी पैशांच्या चित्रपटात काम केलं. पेनी लेन केट हडसनने केली आणि तिला ऑस्कर नामांकन मिळालं. साराला याचं दुःख झाल्याचं कुठे आढळत नाही.

त्याच काळातला एक प्रसंग तिने २०१७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिला. ती एकोणीस वर्षांची होती. फोटोशूटच्या मधूनच तिला हॉलिवूडचे बडे निर्माते हार्वी वाइनस्टीन यांच्या कार्यालयात बोलावलं गेलं. चित्रपटाची प्रसिद्धी सांभाळणारी बाई तिच्याबरोबर निघाली, मी आत येणार आणि तुझ्या बाजूने हलणार नाही असं तिला सांगितलं, आणि खरोखरच हलली नाही. वाइनस्टीन यांनी जवळिकीचे फायदे सुचवले. मला तितकी महत्त्वाकांक्षा नाही, असं सांगून सारा उठली. त्या प्रसिद्धी अधिकाऱ्याकडे मोठी सत्ता नव्हती, तिची नोकरीही त्याच चित्रपटावर अवलंबून असणार. तरी ती त्या खोलीत बसून राहिली. रोममध्ये असं एक माणूस हवं होतं.

अभिनेत्री म्हणून पुढची दहा वर्षं भरगच्च गेली. इसाबेल कोइशेत यांच्या ‘माय लाइफ विदाउट मी’साठी तिला जिनी हा कॅनडाचा चित्रपट पुरस्कार मिळाला, ‘डॉन ऑफ द डेड’ने पैसे मिळवले, एचबीओच्या ‘जॉन ॲडम्स’मध्ये ती अध्यक्षांची मुलगी झाली, ‘स्प्लाइस’मध्ये शास्त्रज्ञ. पण मन दुसरीकडे वळलं होतं.

खुर्ची बदलली

आइसलँडमध्ये चित्रीकरण आटोपून विमानाने परतताना तिने ‘न्यूयॉर्कर’मध्ये ॲलिस मन्रो यांची एक कथा वाचली. म्हातारं जोडपं, बायकोची हळूहळू पुसट होणारी स्मृती. त्याच चित्रपटात तिच्याबरोबर ज्युली क्रिस्टी होत्या, आणि कथेतली बाई तिला त्यांच्याच चेहऱ्याची दिसली. क्रिस्टी सहजासहजी तयार झाल्या नाहीत. २००६ मध्ये ‘अवे फ्रॉम हर’ आला तेव्हा दिग्दर्शिका सत्तावीस वर्षांची होती. क्रिस्टी यांना अभिनयाचं आणि साराला पटकथेचं ऑस्कर नामांकन मिळालं. या वयात म्हातारपण इतक्या संयमाने समजणं ही दुर्मीळ गोष्ट आहे.

२०१२ चा ‘स्टोरीज वी टेल’ हा माहितीपट तिच्या घराबद्दल आहे. मायकेल हे आपले जन्मदाते वडील नाहीत, माँट्रियलचे निर्माते हॅरी गल्किन आहेत, हे तिला मोठेपणी कळलं. तिने ती कहाणी स्वतः सांगितली नाही. भावंडं, आईच्या मैत्रिणी, गल्किन, मायकेल, सगळ्यांना बोलू दिलं, आणि त्यांच्या सांगण्यात तफावत आहे ती तशीच ठेवली. मायकेल ध्वनिमुद्रणाच्या खोलीत उभे राहून स्वतः लिहिलेलं निवेदन वाचतात. मधूनच काचेपलीकडून मुलगी सांगते, बाबा, ती ओळ पुन्हा एकदा घ्याल का? ते घेतात. या बापाने एका दुपारी मुलीचा रिटेक थांबवला नव्हता हे ठाऊक असलं की ते दृश्य आणखी जड होतं. मुलीने त्यांना किती मायेने वागवलं आहे, हेही त्यात दिसतं.

२०१५ मध्ये एका सार्वजनिक केंद्रात भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं तिच्या डोक्यावर पडलं. मेंदूला मार बसला आणि पुढची तीन-साडेतीन वर्षं प्रखर उजेड, आवाज, गर्दी काही सोसवेना. पिट्सबर्गचे तज्ज्ञ डॉ. मायकल कॉलिन्स यांनी नेहमीच्या विश्रांतीच्या सल्ल्याच्या उलट सांगितलं: ज्यामुळे त्रास होतो ते टाळू नका, त्याच्याकडे जा. ती बरी झाली. सतराव्या वर्षी ज्या कादंबरीचे हक्क मागत तिने लेखिका मार्गारेट ॲटवुड यांना पत्र लिहिलं होतं, तिच्यावरची ‘एलियस ग्रेस’ ही मालिका साराच्या लेखणीतून २०१७ मध्ये, याच आजारपणाच्या वर्षांत, पडद्यावर आली.

नियम

बालकलाकारांचे कायदे आधी पैशांसाठी झाले. जॅकी कूगन या बालनटाची कमाई घरच्यांनी उडवली म्हणून कॅलिफोर्नियाने १९३९ मध्ये कायदा केला. शरीराची आणि मनाची काळजी कायद्यात यायला फार वेळ लागला. साराच्या ओंटारियोत ‘प्रोटेक्टिंग चाइल्ड परफॉर्मर्स ॲक्ट’ फेब्रुवारी २०१५ पासून लागू झाला. मुलाला नेमकं काय करावं लागणार हे पालकांना आधी सांगणं, कामाचे तास, अभ्यासाची वेळ, सोबत राहणारं मोठं माणूस, सुरक्षा, आणि कमाईचा ठराविक वाटा बाजूला ठेवणं, हे सगळं त्यात आलं. त्याआधी जे होतं ते मुख्यतः कलाकार संघटनेच्या करारांत होतं.

भारतात बालमजुरी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने चित्रपट-मालिकांतल्या मुलांना सवलत दिली आणि २०१७ च्या नियमांनी तिला अटी लावल्या. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही, निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी, कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत, सलग २७ दिवसांहून अधिक काम नाही, आणि जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती. मुलाच्या मर्जीविरुद्ध काम करून घेता येणार नाही, असंही त्यात स्पष्ट आहे. मुंबईतल्या मालिकांच्या आणि गाण्या-नाचाच्या स्पर्धांच्या सेटवर मुलांना घेऊन जाणाऱ्या मराठी आईबाबांनी हे नियम हातात ठेवावेत असं मला मनापासून वाटतं. साराचं प्रकरण या नियमांवर ठेवून पाहिलं तर पोकळी कुठे उरते हे दिसतं. तास मोजता येतात, ठेवीची पावती दाखवता येते. मर्जी मोजायची कुणी? मुलांमागची ती ‘जबाबदार व्यक्ती’ निर्मात्याकडून पगार घेत असेल तर ती मायकेल पॉलींपेक्षा मोकळी आहे का? परवानगीच्या अर्जात निदान एवढं लिहून घ्यावं, की शॉट थांबवायचा शेवटचा शब्द कुणाचा, आणि त्याचं नाव रोजच्या कॉल शीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या वेळापत्रकावर, छापावं.

२०२१ चं धान्याचं कोठार

मिरियम टेव्झ यांच्या कादंबरीवरून ‘विमेन टॉकिंग’ करायचं ठरलं तेव्हा फ्रान्सिस मॅकडोरमंड आणि डीडी गार्डनर या निर्मात्यांनी साराला विचारलं. तीन लहान मुलं घरी असताना नेहमीच्या पद्धतीने, चौदा-पंधरा तासांचे दिवस काढत, चित्रपट करणं तिला शक्य नव्हतं. तिने तास कमी मागितले, आणि निर्मात्यांनी मान्य केले. २०२१ च्या उन्हाळ्यात ओंटारियोत चित्रीकरण झालं. मुलाबाळांची माणसं रात्री घरी पोचतील अशा बेताने दिवस आखले गेले.

विषय भयंकर होता. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या एका बंदिस्त वस्तीत बायकांना गुंगी देऊन त्यांच्यावर अत्याचार झालेले, आणि आता त्या धान्याच्या कोठारात बसून ठरवतात की राहायचं, लढायचं की निघून जायचं. आघात सोसलेल्यांबरोबर काम करणाऱ्या एक मानसशास्त्रज्ञ सेटवर उपलब्ध होत्या, नटांसाठी आणि युनिटमधल्या कुणाहीसाठी. अत्याचाराचं दृश्य चित्रपटात नाही. त्यानंतरची सकाळ आहे, डाग आहेत, आणि बोलणं आहे. कोठारातल्या चर्चेत कुणी कोसळलं तर बाकीच्या थांबतात, तिला सावरतात, मग पुन्हा विषयावर येतात. रूनी मारा, क्लेअर फॉय, जेसी बकली, ज्युडिथ आयव्ही, शीला मकार्थी, या सगळ्यांच्या कामात जो निवांतपणा आहे, त्याचं श्रेय मी त्या सेटला देतो.

१२ मार्च २०२३ ला या चित्रपटाच्या पटकथेला ऑस्कर मिळालं. २०२५ मध्ये सेथ रोगन यांच्या ‘द स्टुडिओ’ या मालिकेच्या एका भागात ती कॅमेऱ्यासमोर परतली. तिथे ती स्वतःच, म्हणजे सारा पॉली ही दिग्दर्शिका आहे. मावळत्या प्रकाशात एक लांबलचक सलग शॉट घ्यायचा आहे, सेटवर स्टुडिओचा प्रमुख लुडबुड करतो आहे, आणि कॅमेरा कधी चालू करायचा आणि कधी बंद करायचा हे ती सांगते आहे.